खडी उचलली म्हणजे जमीन परत मिळाली का?

पत्र थोडक्यात, नाव-गाव वगळून:

"बारा वर्षांपूर्वी आम्ही शेतातली दोन हेक्टर जमीन नैसर्गिक वायूच्या ड्रिलिंगसाठी भाड्याने दिली. दोन गॅसविहिरी झाल्या, आता दोन्ही आटल्या. कंपनी दोन पर्याय देते. पहिला, पावसाळ्याआधी खडी उचलून, कडेला ढीग करून ठेवलेली माती पसरून, वर गवत पेरून जमीन ताब्यात देणार. दुसरा, एकरकमी पैसे घ्या, 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून द्या आणि जमीन तुमची तुम्ही सुधारा. थोरला भाऊ म्हणतो, पैसे घेऊ, भरपूर शेणखत टाकू, दोन वर्षांत जमीन ताळ्यावर येईल. धाकटा म्हणतो, या जमिनीत आता काही राम नाही, खडीचा पॅड (ड्रिलिंगसाठी खडी टाकून केलेला ओटा) तसाच ठेवून गोदाम बांधू. मला मात्र पीक घ्यायचं आहे. चिखलपाण्याचा खड्डा बुजवला त्या जागी आजवर काही उगवलेलं नाही. पाइप गेला त्या पट्ट्यात पाणी साचतं. एका विहिरीजवळच्या आमच्या चालू शेतात पीक गोल चकतीसारखं पिवळं पडतं. जमीन पूर्वीसारखी होईल का? कोणता पर्याय घेऊ?"

ताई, तुमचे दोन्ही भाऊ एकाच गोष्टीकडे बघून बोलत आहेत, ती म्हणजे वरची वीतभर माती. एकाला ती खत टाकून सुधारेल असं वाटतं, दुसऱ्याला ती कायमची गेली असं वाटतं. पण पत्रातल्या तुमच्या तीन निरीक्षणांपैकी एकाचंही मूळ त्या वीतभर मातीत नाही. म्हणून पर्यायांकडे वळण्याआधी तुमचा 'पूर्वीसारखी होईल का' हा प्रश्न जरा फोडून घेऊ.

एकदा उकरलेल्या जमिनीचे थर, भेगा, गांडुळांची बिळं पुन्हा तशीच्या तशी रचता येत नाहीत. परत मिळवता येते ती तिची कुवत: पाणी मुरवण्याची, मुळं खोल जाऊ देण्याची, शेजारच्या शेताइतकं पीक देण्याची. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात गॅसविहिरींखालची जमीन पूर्ववत करण्याचा कायदा १९६३ पासून आहे. तिथेही जमीन 'जशी होती तशी' झाली का हे तपासत नाहीत. लगतच्या न हललेल्या जमिनीशी माती आणि पीक यांची तुलना करतात. तुम्हीही तोच गज वापरा. तुमच्या बाकीच्या शेतातला एक तुकडा आत्ताच तुलनेसाठी ठरवून ठेवा; पुढचं सगळं मोजमाप त्याच्याशी.

आता त्या पिवळ्या चकतीविषयी. पत्रात तिचा उल्लेख शेवटी आला असला तरी काम तिथूनच सुरू करायला हवं. विहिरीजवळ गोलसर भागात पीक पिवळं पडणं, मध्ये खुरटणं आणि कडेला हळूहळू सुधारत जाणं हे जमिनीतून वायू झिरपत असल्याचं जुनं लक्षण आहे. मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक, मुळांना विषारी नसतो. तो मातीतल्या हवेची जागा घेतो. शिवाय मिथेन खाणारे जिवाणू वाढतात आणि एका भाग मिथेनमागे दोन भाग ऑक्सिजन खर्च करतात, त्यामुळे मुळं गुदमरतात. तिथली माती फावडाभर उकरली तर निळसर-राखाडी दिसते, कधी कुजकट वास येतो. वास आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. घरगुती गॅसचा ओळखीचा वास मुद्दाम मिसळलेला असतो, विहिरीतल्या वायूला तो नसतो. चकतीची दुसरीही कारणं असू शकतात, साचलेलं पाणी किंवा जुनी सांडलवंड. म्हणून मोजून घ्या. हातात धरायच्या मिथेनमापकाने ३० ते ५० सेंटीमीटर खोल भोकांमध्ये, विहिरीपासून बाहेर जाणाऱ्या चार रेषांवर, दर दोन-तीन मीटरला वाचन घ्यायला सांगा. हे काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसांनी करायचं. तुम्ही तिथे खणू नका, विडी-काडी तर नाहीच. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की ठिणगी पुरते.

विहीर 'आटली' म्हणजे 'बंद झाली' असं नव्हे. बंद करणं याचा अर्थ वायूच्या थरासमोर आणि वरच्या गोड्या पाण्याच्या थरांच्या संरक्षणासाठी ठरलेल्या खोलींवर सिमेंटचे प्लग, म्हणजे बुच, बसवणं, ते दाब देऊन तपासणं, मग केसिंग (विहिरीच्या भोकात बसवलेला लोखंडी पाइप) जमिनीखाली कापून त्यावर झाकण वेल्ड करणं. केसिंग कापण्याआधी एक साधी परीक्षा करतात. बाहेरच्या दोन केसिंगमधल्या पोकळीच्या नळीचं टोक पाण्यात साधारण अडीच सेंटीमीटर बुडवून निदान दहा मिनिटं बुडबुडे येतात का बघतात. बुडबुडे आले तर सिमेंटमागून वायू वर येतोय आणि प्लगचं काम अपुरं आहे. केसिंग कापून झाकल्यावर हा दोष सापडला तर पुन्हा खणून, पुन्हा रिग (ड्रिलिंगचं यंत्र) आणून काम करावं लागतं, तेही नुकत्याच सुधारलेल्या तुमच्या मातीवरून. म्हणून क्रम पक्का धरा: आधी विहीर बंद, मग बुडबुड्यांची परीक्षा, मग चकतीतली वाचनं शून्यावर, आणि त्यानंतरच मातीला हात. केसिंग नांगराच्या आणि खोल फाळाच्या आवाक्याखाली कापली आहे हे लिहून घ्या, अक्षांश-रेखांशासकट. गळती थांबल्यावर चकती आपोआप भरून येऊ लागते. हवा खेळायला लागली की माती पुन्हा तांबूस-करडी होते, पण घट्ट जमिनीत त्याला एक-दोन हंगाम लागतात.

आता मुख्य दुखणं. ड्रिलिंगच्या पॅडवर रिग, पाण्याचे टँकर, सिमेंटचे ट्रक, खडीचे डंपर महिनोन्‌महिने फिरतात. एका धुरीवर (अ‍ॅक्सलवर) दहा टनांहून जास्त भार असला की दाब ४० सेंटीमीटरच्याही खाली पोचतो, आणि तिथला घट्टपणा वर्षानुवर्षं राहतो. उन्हाने पडणाऱ्या भेगा आणि पावसाची फुगवण वरचा थर मोकळा करतात. खालच्या थरापर्यंत त्यांचं बळ फारसं पोचत नाही. शेणखतही पोचत नाही, आणि इथे तुमच्या थोरल्या बंधूंचा हिशेब चुकतो. खत पडतं वरच्या पंधरा-वीस सेंटीमीटरमध्ये, आणि मुळं अडतात त्याखाली. अशा जमिनीत पहिला चांगला पाऊस झाला की पाणी तव्यावर थांबल्यासारखं थांबतं, पीक आधी पाण्याने पिवळं पडतं आणि पुढे पंधरा दिवस उघडीप मिळाली की तेच पीक पाण्यावाचून सुकतं.

घट्टपणा ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. जमीन वाफशावर असताना बोटाएवढ्या जाडीची टोकदार लोखंडी सळई अंगाच्या भाराने सरळ खाली दाबा. तुलनेच्या तुकड्यात ती किती सेंटीमीटर जाते आणि पॅडच्या जागी किती, हे वीस ठिकाणी लिहून काढा. यंत्र मिळालं तर २ मेगापास्कल हा दाबाचा आकडा लक्षात ठेवा. त्यापुढे बहुतेक पिकांची मुळं जवळजवळ थांबतात. प्रयोगशाळेशिवाय घनताही काढता येते. ७ सेंटीमीटर आतला व्यास आणि १० सेंटीमीटर लांबी असलेला पातळ नळीचा तुकडा हव्या त्या खोलीवर ठोकून भरा, दोन्ही टोकं सुरीने सपाट करा, ती माती १०५ अंशांवर पूर्ण वाळवून वजन करा. नळीत ३८५ घन सेंटीमीटर माती मावते. वजन ६०० ग्रॅम भरलं तर घनता झाली सुमारे १.५६. चिकणमातीत १.४७ च्या पुढे मुळं अडतात, वाळूसर जमिनीत १.८० पर्यंत चालून जातं. म्हणजे तोच आकडा एका जमिनीत ठीक आणि दुसऱ्या जमिनीत धोक्याचा, म्हणून मातीचा पोत आधी तपासून घ्या.

उपाय म्हणजे खालचा थर फोडणं, आणि तोही वरची माती पसरायच्या आधी. खडी उचलल्यावर तिच्याखालचं जाड कापड पूर्ण निघालं पाहिजे. त्याच्या चिंध्या राहिल्या तर पुढे दर नांगरटीला फाळात अडकतात. काही पॅडवर जमीन घट्ट करायला मातीत सिमेंट किंवा चुना मिसळलेला असतो. तो थर फोडून मिसळून टाकायचा नसतो, उचलूनच न्यावा लागतो, कारण त्याचा सामू (पीएच) ११ च्या पुढे असू शकतो. मग खोल फाळाचा सबसॉयलर ४५ ते ६० सेंटीमीटर खोल चालवायचा, दोन फाळांतलं अंतर खोलीपेक्षा जास्त नको. एकदम पूर्ण खोलीला न जाता आधी ३० सेंटीमीटरचा हात मारायचा, मग पूर्ण खोलीचा, आणि दुसरी फेरी तिरकी.

हे सगळं फसतं ते ओलीमुळे. खालची माती कोरडी असेल तरच फाळाने ती तडकते, ढेकळं सुटतात. ओली असेल तर फाळ लोण्यातून सुरी गेल्यासारखा जातो, दोन्ही बाजू लिंपून गुळगुळीत करतो, आणि तुम्ही पैसे देऊन जमिनीत नळ्या पाडून घेता. परीक्षा सोपी आहे. ज्या खोलीवर फाळ चालणार त्या खोलीची मूठभर माती घेऊन तळहातावर वात वळा. ३ मिलिमीटर जाडीची वात न तुटता वळली, तर थांबा. वळताना भुगा झाला तर काम सुरू करा. कंपनीला पावसाळ्याआधीची घाई आहे, तिच्यात एवढा एक मुद्दा खरा आहे: खोल काम कोरड्या दिवसांतच व्हायला हवं. त्याच कारणाने, पहिला पाऊस पडूनही काम अर्धवट असेल तर ते पुढच्या कोरड्या हंगामावर टाकायचं, रेटायचं नाही, असं करारात आधीच घाला. मोकळ्या केलेल्या जमिनीवरून मातीचे डंपर फिरले तर पहिल्याच फेरीत सर्वांत जास्त दाब बसतो. म्हणून माती एका कडेकडून मागे-मागे सरकत पसरायची. यंत्राने उभं राहायचं ते न फोडलेल्या पट्ट्यावर, फोडलेल्या भागावर चाक नाही.

ज्या मातीवर कंपनीचा भरवसा आहे, त्या ढिगाकडे टेप घेऊन जा. दोन हेक्टरांवरून २० सेंटीमीटर वरचा थर काढला असेल तर ४,००० घनमीटर माती हवी. ढीग लांबट असेल तर तळाची आणि माथ्याची रुंदी यांची सरासरी गुणिले उंची गुणिले लांबी. समजा तळ १२ मीटर, माथा ४ मीटर, उंची ३ मीटर, लांबी ८० मीटर. हिशेब १,९२० घनमीटर. म्हणजे निम्मीही माती नाही. उरलेली गेली कुठे? बहुतेक वेळा रस्त्याखाली, खड्ड्याच्या भरावात किंवा खालच्या मातीत मिसळून. हा प्रश्न पसरण्याच्या आधी विचारायचा असतो. पसरल्यावर सगळीकडे काळंभोर दिसतं आणि थर १० सेंटीमीटरचा आहे की २० चा, ते कोणी खणून बघत नाही.

ढिगाच्या आत बारा वर्षांत काय झालं तेही समजून घ्या. एक-दीड मीटरखाली हवा पोचत नाही. गांडुळं मरतात, मुळांना साथ देणारी बुरशी घटते, कुजणारा नत्र अमोनियाच्या रूपात साठतो. ती माती पसरली की हवा मिळून साठलेला नत्र एकदम मोकळा होतो आणि पहिल्या हंगामात गवत असं तरारतं की बघणाऱ्याला वाटावं, जमीन सुधारली! दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो नत्र संपतो, मुळं खालच्या घट्ट थराला टेकतात, आणि तेव्हा खरं रूप दिसतं. तोवर तुमची सही होऊन गेलेली असते. कंपनीच्या पहिल्या पर्यायातला 'गवत पेरून ताब्यात देणार' हा भाग म्हणूनच मला सर्वांत कच्चा वाटतो.

पसरण्याआधी ढिगाच्या माथ्यावरचं तण काढून टाका, नाहीतर बारा वर्षांचं बी तुमच्या शेतात पेरलं जाईल. ढिगाचा पोटातला भाग आणि वरचा मीटरभर भाग यांची माती एकत्र मिसळून पसरली तर जिवंत बाहेरचा थर आतल्या मेलेल्या मातीला विरजणासारखा उपयोगी पडतो.

खड्ड्याकडे येऊ. बारा वर्षांत कुसळही उगवलं नाही म्हणजे तिथे खार, सोडियम किंवा तेल यांपैकी काहीतरी जास्त आहे, कदाचित तिन्ही. ड्रिलिंगचा चिखल बेंटोनाइट माती, वजनासाठी बॅराइट हे बेरियमचं जड खनिज आणि बऱ्याचदा क्षार घालून केलेला असतो. काही विहिरींत तो तेलावर आधारलेला असतो. विहिरीतून वायूबरोबर येणारं पाणी त्याहून वाईट. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अमेरिकेतल्या मार्सेलससारख्या शेल खडकाच्या थरांतून येणाऱ्या पाण्यात २०० ग्रॅमच्या वर सापडतात, शिवाय बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि रेडियमही. उलट कोळशाच्या थरातल्या वायूबरोबर येणारं पाणी चवीला फारसं खारट नसतं, पण त्यात सोडियम बायकार्बोनेट असतं आणि तेच जमीन चोपण करतं. त्यामुळे 'पाणी गोडंच होतं' या खुलाशावर विसंबू नका.

नुसत्या नजरेला इतकं कळतं: वर पांढरी पापडी, पण खाली माती भुसभुशीत असेल तर क्षार जास्त. वरचा पापुद्रा काळपट, तेलकट, पाऊस पडला की साबणासारखा निसरडा आणि वाळला की विटेसारखा टणक असेल तर सोडियम जास्त, म्हणजे चोपण. पण निर्णय आकड्यांवर घ्या. मातीच्या संपृक्त अर्काची (माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या द्रवाची) विद्युतवाहकता ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर म्हणजे खारवट. विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) १५ टक्क्यांच्या वर म्हणजे चोपण. पिकांची क्षार सोसण्याची ताकद सारखी नसते. घेवड्याचं उत्पादन विद्युतवाहकता १ झाली की लगेच घटू लागतं, कांद्याचं १.२ ला, मक्याचं १.७ ला, गव्हाचं ६ ला, कपाशीचं ७.७ ला. अहवालात बेरियमचा एकूण आकडा मोठा दिसला तर लगेच घाबरू नका, बॅराइटमधलं बेरियम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. विरघळणारं बेरियम वेगळं मोजायला सांगा. रेडियमची तपासणी मात्र मागाच, आणि तेलाचा वास येत असेल तर एकूण हायड्रोकार्बनचीही.

चोपणावर औषध जिप्सम. प्रमाण असं काढतात. समजा भारी जमीन आहे, विनिमय क्षमता (मातीचे कण सोडियमसारखे घटक किती धरून ठेवतात ते माप) १०० ग्रॅमला ४० मिलिइक्विव्हॅलंट, सोडियम २५ टक्के, आणि तो १० वर आणायचा आहे. काढायचा सोडियम ४० चे १५ टक्के, म्हणजे ६. दर एक मिलिइक्विव्हॅलंटला ३० सेंटीमीटर थरासाठी हेक्टरी सुमारे ३.४ टन शुद्ध जिप्सम लागतं. सहाला साडेवीस टन. तुमचा खड्डा ३० बाय २० मीटरचा धरला तर ६०० चौरस मीटरला सव्वा टन, आणि जिप्सम ८० टक्के शुद्ध असेल तर दीड टन. ते बारीक करून मातीत मिसळायचं, मग पाणी द्यायचं. ३० सेंटीमीटर थरातून ३० सेंटीमीटर पाणी खाली उतरलं की ढोबळमानाने ७० ते ८० टक्के विरघळणारे क्षार निघतात. ६०० चौरस मीटरला हे पाणी होतं १ लाख ८० हजार लिटर. एकदम तुंबवण्यापेक्षा थांबून-थांबून दिलं तर कमी पाण्यात जास्त क्षार उतरतात.

यात दोन चुका नेहमी होतात. जिप्समआधी गोडं पाणी दिलं जातं. त्याने क्षार धुतले जातात पण सोडियम मातीला चिकटून राहतो, मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, आणि मग जिप्समचं पाणीही आत शिरत नाही. दुसरी चूक म्हणजे निचऱ्याची वाट नसताना धुणं. घट्ट तळावर पाणी अडलं तर उन्हाळ्यात क्षार पुन्हा वर. आणि वाट असली तरी ते खारं पाणी शेवटी कुठे जातं? तुमच्या पिण्याच्या विहिरीकडे जात असेल तर हा उपाय नको.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. खड्ड्यातला क्षाराचा आकडा (विद्युतवाहकता) खूप वर असेल, उदाहरणार्थ १५–२० च्या पुढे, किंवा तेल-रेडियम सापडलं, तर तो माल कंपनीने उकरून, परवानगी असलेल्या जागी नेऊन टाकावा आणि खड्डा स्वच्छ खालच्या मातीने भरावा. तो शेतकऱ्याने सुधारायचा विषयच नाही. हलक्या तेलाची सौम्य लागण असेल तर पातळ पसरून, नत्र देऊन, ओल राखून महिन्यातून एक-दोनदा उलथापालथ केली की जिवाणू ते खातात. भारी, डांबरासारखं तेल असं संपत नाही.

पाइपच्या पट्ट्याचं लवकर सांगते. चर बुजवताना माती थरांनी दाबली नाही तर ती पुढे बसते, पट्टा खचतो, पाणी साचतं. उताराच्या जमिनीत तर चर भूमिगत नाल्यासारखा पाणी वाहून नेतो आणि भलत्याच ठिकाणी बाहेर काढतो. वरून माती लोटून खळगा भरणं चुकीचं, त्याने वरचा थर एका जागी जाड आणि शेजारी पातळ होतो. आधी पट्ट्यावरची चांगली माती बाजूला काढा, खळगा खालच्या मातीने भरा, थोडा उंचवटा ठेवा, मग चांगली माती परत घाला. आणि एक जीव वाचवणारी गोष्ट: पाइप रिकामा करून, वायू हुसकावून, तोडून दोन्ही टोकं बंद केल्याचा कागद हातात येईपर्यंत त्या पट्ट्यात सबसॉयलर चालवू द्यायचा नाही. पाइप नकाशात मीटरभर खोल असेल, प्रत्यक्षात धूप झालेल्या ठिकाणी तो अर्ध्या मीटरवरही असतो.

धाकट्या बंधूंच्या गोदामाला माझा सरसकट विरोध नाही. पण बंद केलेल्या विहिरीच्या डोक्यावर किंवा अगदी लगत इमारत नको. गळती झाली तर वायू बंद खोलीत साठतो, आणि दुरुस्तीला रिग आणायची तर आधी गोदाम पाडावं लागेल. खडीचा येण्याजाण्याचा रस्ता मात्र तुम्हाला शेतात उपयोगी असेल तर ठेवून घ्या. तेवढा तुकडा वेगळा मोजून, स्वखुशीने ठेवला असं लिहा.

आता पैसे. एकरकमी रक्कम मोठी वाटते कारण तिच्यात काय-काय भागवायचं आहे याची यादी कोणी देत नाही. खडी उचलून नेणं, कापड काढणं, खोल फोडणं, कमी पडलेली माती आणणं, खड्डा उकरणं, जिप्सम, निचरा, आणि पीक कमी येईल त्या वर्षांची तूट. या प्रत्येकाचा स्वतंत्र दर मागवा आणि बेरीज रकमेशी ताडून बघा. आणि बेरीज जुळली तरी विहीर आणि दूषित माती यांची जबाबदारी पैशाच्या बदल्यात आपल्या अंगावर घेऊ नका. गळकी विहीर बुजवणं कुठल्याच शेतकऱ्याच्या आवाक्यातलं काम नाही. वर सांगितलेल्या अल्बर्टात प्रमाणपत्र मिळाल्यावरही पृष्ठभागावरच्या दोषांची जबाबदारी २५ वर्षं कंपनीवर राहते, आणि प्रदूषणाला तर मुदतच नाही. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचारा, पण करारात हे मागायला कायद्याची वाट बघावी लागत नाही.

म्हणून दोन पर्यायांमधला एकही जसाच्या तसा घेऊ नका. काम कंपनीने करायचं, तूट भरपाई तुम्ही घ्यायची, आणि ताबा टप्प्याटप्प्याने. पहिला टप्पा विहीर आणि पाइप बंद. दुसरा खडी-खड्डा साफ. तिसरा खालचा थर फोडून झाल्यावर: इथे माती पसरण्याआधी तुमच्या माणसाने दहा ठिकाणी सळई घालून बघायची, ही अट सोडू नका, कारण हाच थर पुन्हा कधी उघडा दिसणार नाही. चौथा माती पसरून, जाडी खणून मोजून. कंपनीची काही रक्कम अडकवून ठेवायची ती निदान तिसऱ्या हंगामाचं पीक मोजेपर्यंत. मोजायचं कसं? पॅडच्या जागी आणि तुलनेच्या तुकड्यात एकाच वाणाचं, एकाच दिवशी पेरलेलं पीक, प्रत्येकी पाच ठिकाणी मीटर बाय मीटरची चौकट टाकून कापायचं, वाळवून वजन करायचं. किती टक्क्यांना 'बरोबरी' म्हणायचं तो आकडा आज ठरवा, पीक उभं राहिल्यावर नव्हे.

पहिली दोन वर्षं कंदमुळं, भाजीपाला असं नाजूक काही लावू नका. खोल मुळांचं द्विदल आणि गवत यांचं मिश्रण चांगलं. फाळाने पाडलेल्या भेगा मुळांनी धरून ठेवल्या नाहीत तर त्या एक-दोन पावसाळ्यांत मिटतात. चोपण भागात धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक घेऊन फुलावर येताना गाडा. शेणखत इथे जरूर टाका, थोरल्या भावाचं म्हणणं इथवर अगदी रास्त आहे, फक्त ते सबसॉयलरच्या मागे यायला हवं. ओल्या शेतात ट्रॅक्टर घालू नका, जनावरंही वाफशाआधी सोडू नका.

या आठवड्यात करायचं ते एवढं. कंपनीला लेखी कळवा की सही करण्यापूर्वी दोन्ही विहिरींच्या प्लगचा अहवाल, पाइप कुठून आणि किती खोल गेला त्याचा नकाशा, आणि बारा वर्षांपूर्वी किती जाडीची माती काढली त्याची नोंद हवी. उत्तराची वाट बघत असताना ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटीमीटर अशा तीन खोलींचे नमुने खड्डा, पॅड, पाइपचा पट्टा आणि तुलनेचा तुकडा इथून वेगवेगळ्या पिशव्यांत भरून प्रयोगशाळेत द्या. पिवळ्या चकतीत मात्र मिथेनची वाचनं येईपर्यंत खणू नका, आणि पाइपच्या पट्ट्यात पाइप बंद केल्याचा कागद येईपर्यंत ३० सेंटीमीटरखाली जाऊ नका. पिण्याच्या विहिरीचं पाणीही सोबत पाठवा, क्लोराइड, बेरियम आणि विरघळलेला मिथेन यांच्यासाठी. नमुने घेताना फोटो काढा, पिशवीवर तारीख आणि खोली लिहा, आणि प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग वाळवून घरी जपून ठेवा. उद्या कंपनीचे आकडे वेगळे निघाले तर ती पिशवी तिसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येते.